पुरातून निघालेली गाडी : किल्ली फिरवण्याआधी

पुराचं पाणी ओसरलं की माणूस आधी घर बघतो, मग दुकान आणि मग गाडी. गाडीपाशी पोचल्यावर हात आपोआप खिशातल्या किल्लीकडे जातो. ‘एकदा सेल्फ मारून तर बघू, लागली तर लागली,’ असं वाटणं स्वाभाविक आहे. पण उभ्या जागी बुडालेल्या गाडीच्या इंजिनाचं सर्वांत महागडं नुकसान बहुतेक वेळा याच क्षणी होतं. तोवर जी गाडी वाचण्यासारखी असते, तिचं इंजिन त्या एका सेल्फने खोलायला लागतं.

महाराष्ट्राने २००५पासून पुराचे सगळे प्रकार पाहिले आहेत आणि प्रत्येकाने गाड्यांचं वेगळं नुकसान केलं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा असंख्य गाड्या चालत्या-चालत्या पाण्यात बंद पडल्या. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा आणि पंचगंगेचं पाणी सांगली-कोल्हापुरात कित्येक दिवस हललं नाही. तिथल्या गाड्या पाण्यात भिजत पडल्या. २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी मानाने लवकर उतरलं, पण मागे चिखलाचा थर ठेवून गेलं. २५ जुलै २०२४ला पुण्यात सिंहगड रस्त्यालगत एकतानगरीत पाणी शिरलं ते पहाटे, उभ्या गाड्यांच्या पार्किंगमध्ये.

या सगळ्या गाड्यांना लागू पडणारा नियम एकच : चालू करण्याची घाई नको आणि उघडण्यात दिरंगाई नको. लोक नेमकं उलट करतात. पहिल्या दिवशी सेल्फ मारतात आणि गाडी लागली नाही की पंधरा दिवस तशीच सोडून देतात. त्या पंधरा दिवसांत गंज आपलं काम करतो.

पाण्याने इंजिन का मोडतं?

इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा हवा दाबली जाते. हवा दबते, पाणी दबत नाही. साध्या १२०० सीसीच्या चार सिलिंडर पेट्रोल इंजिनाचं गणित बघा. एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी येतात आणि पिस्टन पूर्ण वर गेल्यावर उरणारी जागा असते साधारण ३० ते ३५ सीसी. तेवढं पाणी आत असलं की पिस्टन मध्येच अडतो, आणि खालून येणारा जोर कनेक्टिंग रॉड वाकवतो. डिझेल इंजिनात ही उरलेली जागा आणखी कमी, वीस सीसीच्या आसपास असते. म्हणून डिझेल गाडीला त्याहूनही कमी पाणी पुरतं.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. चालतं इंजिन पाणी ओढून बंद पडलं असेल, तर रॉड वाकला असण्याची शक्यता मोठी असते. गाडी उभी असताना बुडाली असेल, तर पाणी आत गेलं असलं तरी इंजिन फिरलेलं नसतं. रॉड, पिस्टन, क्रँक बहुधा शाबूत असतात. ती गाडी तुमच्या हातात आहे, फक्त किल्ली बाजूला ठेवा.

पहिल्या दिवसाची कामं

आधी स्वतःची काळजी. शहरातल्या पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. हातमोजे आणि गमबूट घाला, हातापायाला जखम असेल तर झाका. बोनेट आणि डिक्की काठीने वाजवून मग उघडा. पुरात साप-विंचू अशाच कोरड्या आडोशाला शिरतात.

मग फोन काढा आणि फोटो घ्या. गाडीवर आणि बाजूच्या भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते, ती धुतली जाण्याआधी टिपा. चारही बाजू, नंबर प्लेट, आतला चिखल, डॅशबोर्ड, इंजिनाचा भाग असा थोडा व्हिडिओही घ्या. विम्यासाठी आणि मेकॅनिकसाठी हा सर्वांत उपयोगी पुरावा आहे.

त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. किल्ली ‘ऑन’वरसुद्धा नेऊ नका. सेल्फ मारला नाही तरी ‘ऑन’ केल्याबरोबर ओल्या वायरिंगमध्ये करंट जातो आणि जे कंट्रोल युनिट वाळवून वाचलं असतं ते जळतं. बटणस्टार्ट गाडी असेल तर चावी गाडीपासून लांब ठेवा. काचा खाली घेण्यासाठीही बॅटरी जोडू नका. दारं उघडी ठेवून वारा खेळू द्या.

बॅटरी सोडल्यावर ऑइलची पट्टी ओढून बघा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसत असेल, किंवा पातळी खुणेच्या वर गेली असेल, तर इंजिनात पाणी शिरलं आहे. पट्टी स्वच्छ दिसली म्हणून लगेच खूश होऊ नका. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने चेंबरच्या तळाशी बसतं, आणि एअर फिल्टरच्या वाटेने आलेलं पाणी सिलिंडरमध्येच थांबलेलं असू शकतं. म्हणून एअर फिल्टरचा डबाही उघडा. फिल्टर ओला असेल किंवा डब्यात गाळ असेल, तर सिलिंडर तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पाणी कुठवर चढलं होतं?

गॅरेजला फोन कराल तेव्हा ‘गाडी बुडाली’ एवढंच सांगू नका. रेघ कुठे आहे ते सांगा, कारण त्यावर कामाचा अंदाज बांधता येतो.

पाणी चाकांच्या मध्यापर्यंत, दाराच्या उंबऱ्याखाली राहिलं असेल, तर काम मुख्यतः ब्रेक, बेअरिंग आणि गिअरबॉक्सचं. आत शिरून सीटच्या खालपर्यंत आलं असेल, तर कार्पेट, सीटखालचं वायरिंग आणि एअरबॅगचं कंट्रोल युनिट धोक्यात आलं. ते बऱ्याच गाड्यांत दोन सीटच्या मधल्या कन्सोलखाली, म्हणजे अगदी खालीच असतं. डॅशबोर्डपर्यंत चढलं असेल, तर फ्यूज बॉक्स, मीटर, एसीचा ब्लोअर, स्टिअरिंगची इलेक्ट्रिक मोटर असं सगळं मोजावं लागतं. पाणी किती तास होतं आणि गोडं होतं की खाडीचं, हेही सांगा. खारं पाणी तांब्याच्या तारा आणि कपलर फार लवकर खातं. भरतीचं पाणी शिरलेल्या किनारपट्टीच्या गावांत गाडी वाळवण्याआधी गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुऊन काढणं, हे पहिलं काम ठरतं.

गाडी हलवायची तर शक्यतो सपाट ट्रकवर चढवून न्या. दोरी बांधून टोचन करायचं झालं, तर फक्त मॅन्युअल गाडी, न्यूट्रलमध्ये, हळू आणि जवळच न्यावी. चारही चाकं मोकळी फिरतात की ब्रेक चिकटलेत ते आधी बघा. ऑटोमॅटिक आणि चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांची चाकं रस्त्यावर फिरू द्यायची नाहीत. आणि धक्का मारून, गिअरमध्ये सोडून चालू करणं तर कोणत्याही बुडालेल्या गाडीला नको. रॉड वाकवायची ती आणखी एक वाट आहे.

इंजिन : क्रम पाळला तर वाचतं

पेट्रोल गाडीत सगळे प्लग काढतात. डिझेल गाडीत ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढावे लागतात. ते हातचं काम नाही, डिझेल पंपाचं काम जाणणाऱ्यालाच द्या. प्लग काढल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावतात आणि इंजिन हाताने, सावकाश फिरवतात. क्रँकचे दोन पूर्ण फेरे झाले की प्रत्येक सिलिंडरचं एक चक्र पूर्ण होतं. पाणी असेल तर प्लगच्या भोकातून गढूळ पिचकारी उडते. ती उडताना बघितली, की सेल्फ का मारायचा नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. पाना कुठे अडला तर जोर लावायचा नाही, थांबायचं.

इंजिन हाताने मोकळं फिरलं, की पेट्रोल पंपाचा फ्यूज आणि कॉइलचे कपलर काढून ठेवून, प्लग अजून बाहेरच असताना, सेल्फने थोडं-थोडं फिरवतात. मात्र त्यासाठी बॅटरी जोडावी लागते, म्हणून वायरिंग आणि फ्यूज बॉक्स वाळल्याची खात्री आधी करायची. उरलंसुरलं पाणी निघाल्यावर प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडतात, म्हणजे भिंतींवर गंज धरत नाही. हातात कामं जास्त असतील आणि मेकॅनिक ‘आठवड्याने बघू’ म्हणत असेल, तरी निदान एवढं त्याच दिवशी करून घ्या. ओल्या सिलिंडरला गंज चढायला फार दिवस लागत नाहीत.

मग ऑइल पूर्ण काढायचं, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि प्लग नवे घालायचे. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात बेल्टच्या कव्हरमध्ये गाळ जातो. कव्हर उघडून साफ करा आणि बेल्ट चिखलात भिजला असेल तर बदला. रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या मधली फट चिखलाने भरलेली असते. ती धुतली नाही तर गाडी पहिल्याच घाटात गरम होते.

एवढं झाल्यावर पहिल्यांदा गाडी चालू करायची. काही मिनिटं नुसती चालू ठेवा, कान देऊन ऐका, सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघेल ती कमी होते का बघा. बंद करून पट्टी पुन्हा ओढा. ऑइल पुन्हा दुधाळ झालं असेल तर ते परत बदला. हे पहिलं ऑइल धुण्यासाठीच आहे असं समजा. त्यासाठी महागडं ऑइल नको, ते शेवटच्या भरणीला घाला.

‘गाडी लागली’ म्हणजे काम संपलं नाही. रॉड थोडासा वाकला असेल तरी इंजिन चालू होतं, आणि काही महिन्यांनी ठोकत-ठोकत बसतं. म्हणून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. एका सिलिंडरचं माप इतरांपेक्षा बरंच कमी आलं, तर तिथे शोध घ्या. जवळ कॅमेरा असलेलं गॅरेज असेल तर प्लगच्या भोकातून सिलिंडरची भिंत बघता येते.

टाकी, गिअर आणि ब्रेक

टाकीत पाणी गेल्याची शंका असेल तर टाकी रिकामी करा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी आधी विरघळतं आणि प्रमाण वाढलं की इथेनॉलसह तळाशी वेगळं बसतं. पंप तळातूनच ओढतो, त्यामुळे इंजिनाला पेट्रोलऐवजी तेच जातं. डिझेल गाडीत फिल्टरखालचा पाणी काढायचा बोल्ट उघडा आणि फिल्टर बदला. उच्च दाबाच्या डिझेल पंपाला पाणी अजिबात चालत नाही, आणि तो महाग असतो.

गिअरबॉक्सला हवा जाण्यासाठी छोटी नळी असते. गाडी बुडली की त्याच वाटेने पाणी आत जातं. म्हणून गिअर ऑइल काढून बघा. दुधाळ निघालं तर बदला. ऑटोमॅटिकमध्ये हे विशेष जपा, कारण आतल्या क्लच प्लेटांना पाणी सोसत नाही.

ब्रेकचं काम कुणी टाळू नये. ड्रम उघडले की आत ओंजळभर चिखल निघतो. लायनर, सिलिंडर, डिस्कचे कॅलिपर साफ करून घ्या आणि ब्रेक ऑइल बदला. ते हवेतलंही पाणी शोषतं, इथे तर ते पुरात उभं होतं. चाकांचे बेअरिंग आवाज करतात का बघा. गाडी दुरुस्तीला उभी असेल त्या काळात हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओले लायनर ड्रमला चिकटतात. चाकाला लाकडी ओंडका लावा.

वायरिंग आणि आतली बाजू

इंजिन सुरू झाल्यावर लोकांचा जीव भांड्यात पडतो आणि आतल्या कामात ते ढिले होतात. पण पूर येऊन गेल्यावर पुढच्या पावसाळ्यापर्यंत गाडी त्रास देते ती बहुधा वायरिंगने. कपलरच्या आत पाण्याचा थेंब राहिला की पिनेवर हिरवट थर चढतो. मग कधी काच वर जात नाही, कधी रात्री हेडलाइट आपोआप जातो, कधी गाडी सिग्नलला बंद पडते.

म्हणून पाण्याच्या रेघेखालचा प्रत्येक कपलर उघडून बघायला सांगा. चिखल असेल तर स्वच्छ पाण्याने, मग कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून हवेच्या नळीने वाळवायचा. जोराच्या पंपाची धार वायरिंगवर मारू देऊ नका, त्याने पाणी आणखी आत घुसतं.

सीट काढून कार्पेट पूर्ण बाहेर घ्या. वरून वाळलेलं दिसलं तरी खालच्या फोमने पाणी धरून ठेवलेलं असतं. तिथूनच वास येतो आणि तिथूनच पत्रा आतून सडतो. फरशीला पाणी सोडण्याचे रबरी बूच असतात, ते उघडा. सीटखालचे पिवळे कपलर एअरबॅगचे असतात. त्यांना घरी हात लावू नका, मीटर लावू नका. बॅटरी सोडून थोडा वेळ गेल्यावर जाणकारानेच ते काढावेत. एअरबॅगचं युनिट किंवा सीटबेल्टचा भाग बुडाला असेल तर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तपासून घ्या. ‘दिवा बंद केलाय, चालतंय’ हे उत्तर मान्य करू नका. अपघाताच्या वेळी तुमच्या माणसांचा जीव त्यावर अवलंबून असतो.

सीएनजी आणि इलेक्ट्रिक गाडी

सीएनजी गाडीत बोनेट उघडण्याआधी वास येतो का बघा आणि सिलिंडरची वॉल्व्ह बंद करा. रेग्युलेटर आणि पाइप अधिकृत केंद्रातून तपासल्याशिवाय गाडी गॅसवर चालवू नका. सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट जवळ आली असेल तर ती लगेच करून घ्या.

इलेक्ट्रिक गाडीला स्वतः हातच लावायचा नाही. नारिंगी रंगाच्या तारा म्हणजे उच्च दाबाचा करंट. बॅटरीवर ‘आयपी ६७’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, एवढीच चाचणी झालेली असते. रात्रभर बुडालेल्या गाडीला तो दिलासा पुरत नाही. चार्जिंगला लावू नका. बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते, म्हणून गाडी घरापासून आणि इतर गाड्यांपासून लांब, मोकळ्या जागी ठेवा आणि कंपनीला कळवा.

विमा : आधी कळवा, मग खोला

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं नुकसान मिळत नाही. पॅकेज पॉलिसी असेल तर पूर त्यात असतो. कंपनीला लगेच कळवा, क्लेम नंबर लिहून घ्या आणि सर्व्हेअर येईपर्यंत सुटे भाग काढून टाकू नका. सर्व्हेअर उशिरा येणार असेल, तर ‘बॅटरी सोडतो, प्लग काढून पाणी काढतो, कार्पेट वाळवतो’ असं कंपनीला लेखी कळवून, फोटो काढत ते काम करा. नुकसान वाढू न देणं ही तुमची जबाबदारीच मानली जाते.

क्लेम बहुतेक वेळा अडतो तो इंजिनावर. पाण्यात इंजिन चालू केल्याने रॉड वाकला, तर ते पुराने झालेलं नुकसान नाही, मागाहून ओढवलेलं आहे, असं म्हणून साध्या पॅकेज पॉलिसीत तो खर्च नाकारला जातो. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळं कलम असतं. ते असेल तरी त्याच्या अटी वाचा. प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापला जातो. ‘झिरो डेप’ असेल तर त्यात बराच फरक पडतो.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा रकमेच्या, म्हणजे आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. तसा प्रस्ताव आला तर भावनेने नाही, आकड्याने विचार करा. डॅशबोर्डपर्यंत बुडालेली, कंट्रोल युनिट आणि एअरबॅग गेलेली गाडी दुरुस्त झाली तरी वर्षभर एकेक खर्च काढत राहते. आणि विकायची झाली, तर ती पुरात बुडाली होती हे घेणाऱ्याला सांगून विका. त्या गाडीत उद्या त्याची मुलं बसणार आहेत.

पुढच्या पावसाआधी

जूनच्या आधी पॉलिसीचा कागद काढून पूर आणि इंजिनाचं कलम बघून ठेवा. तळघरात किंवा नदीकाठच्या सखल भागात गाडी लावत असाल, तर धरणातून विसर्ग वाढल्याची सूचना आली की त्याच संध्याकाळी गाडी उंचावर नेऊन लावा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी गाठते तेव्हाच निघा, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका. रस्त्यात पाणी दिसलं आणि खोली कळत नसेल, तर परत फिरा. पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका, उतरा आणि लोकांच्या मदतीने ढकलून बाहेर काढा. आणि घरातल्या प्रत्येक चालकाला, नुकतंच लायसन्स मिळालेल्या मुलीलाही, हे आत्ताच सांगून ठेवा : बुडालेल्या गाडीची बॅटरी आधी सोडायची, किल्ली सर्वांत शेवटी.